अजून

सकाळी आधी यंत्राचीच तपासणी:
तीन लिटरची सिरिंज लावून
खोलीतली हवा आत ढकलते.
यंत्र म्हणतं तीन. बरोबर.
दिवसभरात एवढीच हवा
जिला मी नाव विचारत नाही.

मग दाराशी खोकला येतो,
त्याच्यामागून दगुबाई सैंदाणे,
तिच्यामागून सून, पिशवीत गुंडाळलेला एक्स-रे.
दोघींच्या पदराला मिरचीचा खकाणा.
पहिली शिंक माझीच.

वय? 'दुष्काळ पडना तव्हय रांगत व्हतू.'
त्रेपन्न, मी लिहिते.
उंची एकशे अठ्ठेचाळीस.
धूम्रपान: हो, नाही.
'बिडी? देवा रे. कधीच नही.'
नाहीवर खूण.
फॉर्मात चुलीला रकाना नाही.
पथारीलाही नाही, दोंडाईच्याच्या स्टेशनापलीकडच्या
त्या लाल मैदानाला,
जिथे ती देठं खुडते होळीपर्यंत,
तोंडाला पदर, पदराला भोकं.

नाकाला चिमटा. तोंडात पुठ्ठ्याची नळी.
तिच्या हातात ती बसते
तशी कोणाच्याच हातात बसत नाही:
अंगठा खाली, दोन बोटं वर,
मान तिरकी, डोळे बारीक,
समोर धूर नसताना.

श्वास भरा, भरा, भरा. आता फुंका!
आणि इथून माझं काम, ओरडायचं:
अजून, अजून, अजून, सोडू नका, अजून, अजून.
बाहेरची रांग हसते.
सहा सेकंद लहानच असतात
ज्याने ते फुंकले नाहीत त्याला.

पहिल्यांदा ती जपून फुंकते.
जोरात फुंकलं की राख डोळ्यांत जाते
हे ती माझ्या यंत्राच्या आधीपासून जाणते.
'बाई, इथं राख नाही.'
दुसऱ्यांदा खोकला.
तिसऱ्यांदा जमतं.

पडद्यावर रेघ चढते
आणि सरळ उतरायची सोडून
आत खचते, झिजल्या विळ्यासारखी.
यंत्राच्या ओळखीची एक बाई आहे,
त्रेपन्न वर्षांची, याच उंचीची.
तिच्या पहिल्या सेकंदात किती हवा यावी
ते यंत्राला पाठ.
मी तिला कधी पाहिलेलं नाही.
कुठे राहते, काय जाळते, कोण जाणे.
दगुबाई तिच्या निम्म्यावर.

औषधाचे दोन फवारे. वीस मिनिटं थांबा.
वीस मिनिटांत कळतं:
गॅस आहे. त्याच्यावर चहा.
कळण्याची भाकरी मात्र चुलीवरच,
'गॅसवर पोपडाच धरस नही.'
बिडी नवरा ओढतो. तो ठणठणीत,
'पारवर बठस.'
सून काही बोलत नाही.
हात मांडीवर उताणे ठेवून बसते.
मिरची खुडणाऱ्या बायका
डोळ्यांना हात लावत नाहीत.

परत फुंकलं. वाढलं थोडं,
औषधाने वाढायला हवं तेवढं नाही.
'कितलं उरनं?'
ते डॉक्टर सांगतील, मी म्हणते,
आणि कागद फाडायला जास्त वेळ लावते.

'आते हिनंबी मोज.'
'माले काय व्हयनं?' सून म्हणते,
पण नळी घेते.
अंगठा खाली. दोन बोटं वर.
मी ओरडते, ती फुंकते,
रेघ उभी चढते, सरळ उतरते,
शेवटाला नखाएवढी लवते.
सामान्य, यंत्र छापतं.

'चांगलं शे ना?'
'चांगलं आहे,' मी म्हणते. 'अजून.'
हे एकच आज मी ओरडले नाही.

निघताना ती वापरलेली नळी मागते.
'फेकसच ना?'
पुठ्ठ्याची आहे, मावशी, पेटेल.
'मंग पेटाडाले व्हई.'
नळी पिवळ्या पिशवीत जाते, नियमाप्रमाणे.

पुढचा माणूस आत येतो,
खुर्चीवर बसतो, नाव सांगायला तोंड उघडतो,
आणि शिंकतो.